दुचाकीसाठी गॉगल: आधी पांढरा, मग काळा

नवी गाडी आली की हेल्मेटपाठोपाठ गॉगल घेतला जातो, आणि तो बहुतेक वेळा काळाच असतो. पहिली गफलत इथेच होते. गाडीवर डोळ्यांना तीन गोष्टींपासून जपायचं असतं: एक वारा आणि धूळ, दुसरी उडून येणारा खडा किंवा किडा, तिसरी ऊन. पहिल्या दोन चोवीस तास असतात, ऊन फक्त दिवसा. काळा गॉगल लावून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी अंधार पडला की तो काढून खिशात ठेवतो आणि घरापर्यंत उघड्या डोळ्यांनी येतो. नदीकाठची, शेतातली चिलटं नेमकी त्याच वेळी उठलेली असतात. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. एका डोळ्यात चिलट गेलं तरी दोन्ही डोळे आपोआप मिटतात. दीड सेकंद मिटले तर २५ मीटर रस्ता न बघताच गेला. म्हणून पहिली जोडी पांढऱ्या, म्हणजे पारदर्शक काचेची घ्या. काळी नंतर.

आधी आपला रस्ता आणि वेळ बघा

दुकानात जाण्याआधी हे करा. कोल्हापुरातून रोज सकाळी हातकणंगले किंवा इचलकरंजीकडे कामाला जाणाऱ्याच्या तोंडावर सकाळी उगवतं ऊन असतं आणि संध्याकाळी परत येताना मावळतं. पश्चिमेच्या कळे गावाकडून शहरात येणाऱ्याचंही तसंच, दोन्ही वेळा सूर्य समोर. उलट हातकणंगल्याहून कोल्हापुरात येणाऱ्याच्या दोन्ही वेळा पाठीवर ऊन पडतं. थोडक्यात, घर कामाच्या ठिकाणाच्या पश्चिमेला असेल तर चांगल्या काळ्या काचेची गरज तुम्हाला जास्त आहे. घर पूर्वेला असेल तर पांढऱ्या काचेवर बरंच भागेल. मात्र पाठीवर ऊन असताना समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तेच ऊन असतं आणि त्याला तुम्ही दिसत नाही, हे धरूनच गाडी चालवा.

क्षितिजाजवळच्या सूर्याला कितीही काळी काच पुरत नाही. तिथे हेल्मेटच्या काचेच्या वरच्या कडेला दोन बोटं रुंदीची गडद पट्टी लावायची आणि हनुवटी किंचित खाली घेऊन सूर्य तिच्याआड करायचा. पट्टी नेहमीच्या नजरेच्या रेषेत येऊ देऊ नका. काचेवरचा प्रत्येक ओरखडा याच वेळी चमकतो, त्यामुळे ओरखडे पडलेली काच बदलण्याचं खरं कारण हेच आहे.

हेल्मेटची काच ही पहिली भिंत

गॉगल कितीही चांगला असला तरी तो हेल्मेटच्या काचेची जागा घेत नाही. हनुवटीपर्यंत झाकणारं फुल फेस हेल्मेट घ्या. त्यावर आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असला पाहिजे. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला ही खूण सक्तीची आहे. सोबत आलेली काच पांढरीच ठेवा. धुरकट किंवा आरशासारखी चमकणारी काच दिसायला छान असते, पण ती बसवली की रात्रीसाठी दुसरी काच बरोबर बाळगावी लागते, आणि ती कोणी बाळगत नाही.

इथे एक हिशेब मांडून बघा. धुरकट काच निम्मा प्रकाश आत सोडते असं धरू. आत घातलेला काळा गॉगल १५ टक्के सोडतो. दोन्ही मिळून डोळ्यापर्यंत ५० गुणिले १५, म्हणजे साडेसात टक्के प्रकाश पोचतो. वाहन चालवताना वापरायला मनाई असलेल्या सर्वांत गडद वर्गात ही जोडी जाऊन बसते, जरी दोन्ही काचा सुट्या सुट्या ठीक असल्या तरी. म्हणून काळा गॉगल असेल तर हेल्मेटची काच पांढरी, आणि हेल्मेटची काच धुरकट असेल तर आत पांढरा चष्मा.

काही हेल्मेटना आत सरकणारी छोटी काळी काच असते. रोजच्या वापराला ती सोयीची आहे: अंगठ्याने खाली, अंगठ्याने वर. घेताना ती नाकाला टेकते का आणि नंबरचा चष्मा असेल तर त्याला घासते का, हे पूर्ण खाली ओढून बघा.

काच कशाची आहे ते विचारा

दुकानात पहिला प्रश्न ब्रँडचा नको, काचेचा विचारा. गाडीसाठी पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या प्लॅस्टिकची काच घ्या. दोन्ही आघाताला चिवट आहेत, सहसा तुकडे उडवत नाहीत. पॉलिकार्बोनेट उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण मुळातच अडवतं. त्याचा दोष एकच, ते मऊ असल्याने ओरखडे लवकर पडतात, म्हणून कडक लेप, दुकानदाराच्या भाषेत हार्ड कोट, दोन्ही बाजूंना हवा. सीआर-३९ ही नंबरच्या चष्म्यातली नेहमीची प्लॅस्टिक काच. दिसायला स्वच्छ असते, पण आघातात पॉलिकार्बोनेटच्या जवळही येत नाही. खरी काच, म्हणजे काचेचीच काच, गाडीवर अजिबात नको. ती फुटली की धारदार कपच्या थेट डोळ्यात जातात.

चिवटपणाची खात्री हवी असेल तर काडीवर किंवा काचेच्या कोपऱ्यात 'झेड ८७+' अशी रोमन अक्षरांतली खूण शोधा. हे अमेरिकी मानक आहे. त्यातल्या अधिक चिन्हाचा अर्थ असा, की त्या नमुन्यावर ६.३५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने मारलेली असते आणि अर्धा किलोचं टोकदार वजन १२७ सेंटिमीटरवरून सोडलेलं असतं. भारतीय मानकात आयएस ५९८३ हा डोळ्यांच्या संरक्षक साधनांचा क्रमांक आहे.

पांढऱ्या जोडीसाठी फॅशनच्या दुकानात जायची गरजच नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये कामगार जे सेफ्टी गॉगल लावतात, तेच औद्योगिक साहित्याच्या दुकानात सुटे मिळतात. त्यातला बाजूंनी वळलेला, हार्ड कोट असलेला आणि धुकं न धरणारा नमुना निवडा. युरोपीय खूण असेल तर ऑप्टिकल क्लास १ लिहिलेला घ्या. खालच्या दर्जाची काच तासाभरात डोकं दुखवते.

ती तपासायची पद्धत सोपी आहे. गॉगल हातभर लांब धरा, त्यातून फरशीची सरळ रेघ किंवा दाराची चौकट बघा आणि गॉगल हळूहळू डावीउजवीकडे, मग वरखाली हलवा. रेघ मध्येच वाकली, लाटेसारखी हलली किंवा तुटली तर तो गॉगल परत ठेवा. वळलेल्या काचेत अगदी कडेला थोडी रेघ वाकणं चालतं, मधल्या भागात नाही.

काळेपणा किती

काळेपणाचे ० ते ४ असे वर्ग असतात. चांगल्या गॉगलच्या काडीवर किंवा सोबतच्या कागदावर हा आकडा लिहिलेला असतो.

वर्ग ०: ८० ते १०० टक्के प्रकाश आत येतो. हीच पांढरी काच, रात्री फक्त हीच.
वर्ग १: ४३ ते ८० टक्के. ढगाळ दिवसाला.
वर्ग २: १८ ते ४३ टक्के. मध्यम ऊन, झाडीचा रस्ता.
वर्ग ३: ८ ते १८ टक्के. एप्रिल-मेच्या दुपारी हायवेला.
वर्ग ४: ३ ते ८ टक्के. बर्फाच्या डोंगरांसाठी. गाडी चालवताना मनाई.

बहुतेक जण सरळ वर्ग ३ उचलतात. पुणे-बेंगळुरू हायवेवर दुपारी तो योग्यच आहे. पण आंबा घाटात किंवा दाजीपूरच्या जंगलातून जाताना ऊन आणि दाट सावली मिनिटामिनिटाला बदलते. उजेडातून सावलीत शिरल्यावर डोळ्याला सरावायला वेळ लागतो, आणि त्या क्षणी वर्ग ३ मधून वळणावरचा खड्डा किंवा पसरलेली खडी दिसत नाही. कोल्हापूरच्या पश्चिमेला वारंवार जाणाऱ्याने तपकिरी रंगाचा वर्ग २ घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुपारी थोडं ऊन जाणवेल, पण घाटात रस्ता दिसेल.

रंगाचं म्हणाल तर राखाडी काचेतून रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरी काच रस्त्याचा उंचसखलपणा अधिक ठळक दाखवते. हिरवट-राखाडीही चालते. निळी, गुलाबी, लाल काच गाडीवर नको, कारण सिग्नलचे आणि ब्रेक लाइटचे रंग तिच्यातून फसवे होतात. दुकानाबाहेर येऊन चौकातला सिग्नल त्यातून बघा आणि मगच पैसे द्या.

पिवळी काच 'नाइट ड्रायव्हिंग' म्हणून विकली जाते. ती घेऊ नका. ती प्रकाश वाढवत नाही, असलेला थोडा कापतेच. समोरचे दिवे मऊ वाटतात म्हणून बरं वाटतं, पण त्याच वेळी कडेचा माणूस दिसायला उशीर होतो. रात्री दिव्यांभोवती वलयं किंवा काटे दिसू लागले असतील तर ते गॉगलचं काम नाही. नंबर बदलला असेल किंवा मोतीबिंदूची सुरुवात असेल, डॉक्टरांना डोळे दाखवा.

पोलराइज्ड काच ओल्या रस्त्यावरची, बोनेटवरची चकाकी मारते. कारमध्ये ती उत्तम. दुचाकीवर मात्र तीन अडचणी येतात. डिजिटल मीटर काही कोनातून काळा पडतो. हेल्मेटच्या काचेतून बघताना इंद्रधनुषी डाग दिसू शकतात. आणि सांडलेलं डिझेल किंवा पाण्याचा पातळ थर ज्या चकाकीने लांबून ओळखू येतो, ती चकाकीच जाते. दुचाकीला दोन चाकांवर तोल सांभाळायचा असतो, त्यामुळे ही तिसरी अडचण मोठी आहे. घ्यायचीच असेल तर आपल्या गाडीवर बसून, मान दोन्ही बाजूंना कलवून मीटर दिसतो का ते बघा.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचेबद्दल नवख्यांची सर्वांत जास्त निराशा होते. ही काच प्रामुख्याने अतिनील किरणांनी काळी होते, आणि हेल्मेटची पॉलिकार्बोनेट काच तेच किरण अडवते. काच खाली असेल तर आतला चष्मा जवळजवळ पांढराच राहतो. शिवाय उन्हाळ्याच्या उष्णतेत ती कमी काळी होते आणि सावलीत पुन्हा पांढरी व्हायला काही मिनिटं घेते.

काळा म्हणजे सुरक्षित नव्हे

काळेपणाचा आणि अतिनील किरणांचा संबंध नाही. साध्या काळ्या प्लॅस्टिकमागे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील अडवत नसेल तर नुसत्या उघड्या डोळ्यापेक्षा जास्त किरण आत जाऊ शकतात. त्यामुळे रस्त्याकडेच्या गाड्यावरचा बिनखुणेचा काळा गॉगल घेण्यापेक्षा खात्रीचा पांढरा बरा. 'यूव्ही ४००' याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात. स्टिकर कोणीही चिकटवू शकतो, म्हणून दुकानात यूव्ही मीटर असेल तर मोजून मागा.

मीटर नसेल तर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च आणि एक नोट पुरते. नोटेवरचे क्रमांक चमकणाऱ्या शाईत छापलेले असतात. टॉर्चखाली ते उजळतात. टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये काच धरा. चमक गेली तर काच काम करते. टॉर्च डोळ्यात मारू नका. काही दुकानांत निळ्या लेझर पेनने कार्डावर ठिपका दाखवतात, तो निळ्या प्रकाशाचा खेळ आहे, त्यातून यूव्हीची खात्री होत नाही.

आपलं हेल्मेट घेऊनच दुकानात जा

गॉगल आरशात छान दिसतो आणि हेल्मेटमध्ये डोकं खातो, असं हमखास होतं. राजारामपुरी असो की महाद्वार रोड, स्वतःचं हेल्मेट हातात घेऊन जा आणि दुकानदाराला सांगून या क्रमाने बघा.

१. आधी हेल्मेट घाला, मग काड्या सरळ आत सरकवा. जाड किंवा कानामागे खूप वाकलेल्या काड्या आत जातच नाहीत. पातळ, सरळ, लवचीक काडी हवी.
२. हेल्मेटची काच खाली करा. ती गॉगलला टेकता कामा नये.
३. डोकं जोरात होकारार्थी आणि नकारार्थी हलवा. गॉगल नाकावरून सरकला तर रबरी नाकपट्टीचा नमुना मागा.
४. गाल आणि फ्रेम यांच्यातली फट बोटाने चाचपून बघा. करंगळी सहज जात असेल तर वारा नक्की जाईल. पण फ्रेम गालाला पूर्ण चिकटलीही नको, नाहीतर धुकं धरेल.
५. मान न वळवता डोळे कडेला न्या. आरसा दिसायला हवा. जाड काडीमुळे नेमका तोच भाग झाकला जातो.
६. दहा मिनिटं तसेच बसा. कानाच्या वर दुखायला लागलं तर अर्ध्या तासाच्या रस्त्यात ते असह्य होईल.

धातूची फ्रेम टाळा. पडल्यावर बिजागरी आणि नाकाचे तारेचे पाय चेहऱ्यात घुसतात. मागे बसणाऱ्यालाही हेच सगळं लागू आहे. वळणावर त्याच्या डोळ्यात कचरा गेला आणि तो दचकला तर गाडी तुमचीच हलते.

नंबरचा चष्मा असेल तर

बाजूंनी वळलेल्या फ्रेममध्ये नंबर बसवता येतो, पण नंबर मोठा असला की कडेला चित्र वाकडं दिसतं. तेव्हा सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे फुल फेस हेल्मेट, आत नेहमीचा चष्मा पॉलिकार्बोनेट काचेत, आणि उन्हासाठी हेल्मेटमधली सरकती काळी काच. प्रोग्रेसिव्ह काचेत खालचा भाग वाचनाचा असतो. त्यातून समोरचा रस्ता धूसर दिसतो, म्हणून मान खाली घालून बघायची सवय लावा किंवा गाडीसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी हेल्मेटची काच उघडी ठेवून चालवूच नये. वाऱ्याने लेन्स कोरडी पडते आणि धुळीचा कण तिच्याखाली अडकला की बुबुळ घासतं. लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका, त्यातून गंभीर संसर्ग होतो. लेन्सचं द्रावण आणि नंबरचा चष्मा बरोबर ठेवा.

पाऊस आणि धुकं

गगनबावडा, राधानगरीच्या पावसात काळी काच घरीच ठेवा. धुकं धरण्याचं कारण श्वासातली गरम वाफ आणि थंड काच. उपाय या क्रमाने करा: हेल्मेटचं हनुवटीजवळचं झरोकं उघडा, काच एक खाच वर ठेवा, श्वास खाली वळवणारी हेल्मेटमधली नाकावरची पट्टी बसवा. तोंडावर स्कार्फ बांधणाऱ्यांच्या चष्म्यावर धुकं जास्त धरतं, कारण श्वास वर ढकलला जातो. हेल्मेटच्या आत स्कार्फ नाकाखाली घ्या.

भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब आतल्या बाजूला पसरवून कोरड्या मऊ कापडाने पुसला तर तेवढ्या फेरीपुरतं भागतं. रोजच घाटातून जाणं असेल तर पिनलॉक बसवा. ही हेल्मेटच्या काचेच्या आत लागणारी दुसरी पातळ काच असते, मधल्या हवेच्या थरामुळे धुकं धरत नाही. त्यासाठी काचेवर दोन खिळ्या असाव्या लागतात, म्हणून हेल्मेट घेतानाच विचारा. ती घासून पुसू नका.

उसाचा हंगाम

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागात डोळ्यांचा धोका बदलतो. ट्रॉलीतून लोंबणारं वाढं आणि पाचट वाऱ्याने मागे उडतं. उसाच्या पानाची कड बारीक दातेरी असते. ती बुबुळावरून फिरली तर ओरखडा पडतो, आणि वनस्पतीच्या ओरखड्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. ट्रॉलीच्या मागे निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा, ओलांडताना हेल्मेटची काच पूर्ण खाली असू द्या. रात्री बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी असते. तिथे काळी काच जिवावर बेतते.

डोळ्यात काही गेलंच तर गाडी कडेला घ्या आणि डोळा चोळू नका. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून धुवा, वरची पापणी हलकेच ओढून खालच्या पापणीवर आणा म्हणजे कण सुटतो. एवढ्याने भागलं नाही, लाली, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा अंधुक दिसणं राहिलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पान लागलं होतं हे आवर्जून सांगा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी झपाट्याने वाढते, फूल पडतं आणि नजर कायमची जाते. काही टोचून आत रुतलं असेल तर ते ओढू नका, पाणीही मारू नका. कागदी कप डोळ्यावर न दाबता धरून थेट रुग्णालय गाठा, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

निगा

कोरड्या रुमालाने किंवा ओढणीने काच पुसली की धुळीतले वाळूचे कण काचेवर रेघा ओढतात. आधी पाण्याने धूळ धुऊन टाका, मग साबणाचं पाणी बोटांनी फिरवा, मग मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या. वाळलेले किडे खरवडू नका, ओलं कापड पाच मिनिटं ठेवलं की सुटतात. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रे पॉलिकार्बोनेटला बारीक तडे पाडतात. गॉगल उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवला तर लेप सुटतो. कडक डबी घ्या आणि पांढरी जोडी काळीच्या शेजारी त्याच बॅगेत ठेवा. समोरून येणाऱ्या दिव्याभोवती काचेत जाळं दिसू लागलं की काच बदला, पॉलिश करून ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.